टोरंटमध्ये 'फक्त डाउनलोड' असं काही नसतं

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं: "मी घरूनच लोकांची आयकर आणि जीएसटीची रिटर्नं भरते. मुलगा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या लॅपटॉपात जागा नाही म्हणून तो माझ्याच कॉम्प्युटरवर टोरंट, म्हणजे लोकांच्या मशीनवरून फाइली उतरवायचा तो प्रोग्रॅम, लावून ठेवतो. बोलले की म्हणतो, पी-टू-पीमध्ये सर्व्हरच नसतो, मग पकडणार कोण? आणि डाउनलोड करणं गुन्हा नाहीच, अपलोड करणं गुन्हा आहे. संध्याकाळी माझे व्हिडिओ कॉल अडकतात ते वेगळंच. नेटचं कनेक्शन माझ्या नावावर आहे. बॅकअपची हार्ड डिस्क मशीनला कायम लावलेली असते, म्हणून डेटाची तशी काळजी नाही. हे टोरंट बंदच करायला लावू का?"

ताई, तुमच्या मुलाचं निम्मं बरोबर आहे, म्हणूनच त्याच्याशी बोलताना तुमची अडचण होत असणार. त्याचं काय बरोबर, काय चूक ते सांगतो. पण त्यासाठी ही यंत्रणा चालते कशी ते आधी बघावं लागेल. नुसतं "बंद कर" म्हणालात तर तो तुमच्या मशीनवर बंद करेल आणि रात्री दुसरीकडे चालू करेल. विशीतली मुलं आहेत, आपणही होतो.

माझं काम म्हणाल तर, तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून मशीन जोडून द्यायचो तिथून सुरुवात झाली. आता वीसेक वर्षं पुण्यातल्या लहान ऑफिसांची नेटवर्क बघतो आणि उडालेला डेटा परत मिळतो का ते बघतो. ग्राहकांत तुमच्यासारखे कर सल्लागार बरेच. त्यामुळे तुमच्या टेबलावर काय असेल ते न येताही सांगू शकतो: डीएससीचे (डिजिटल सहीचे) तीन-चार टोकन, त्यातला एक मशीनला लावलेलाच, आणि डेस्कटॉपवर एक एक्सेल, ज्यात सगळ्या क्लायंटचे पोर्टलचे पासवर्ड. चुकलो असेन तर आनंदच आहे. पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. टोरंट चांगलं की वाईट हा वाद मुलाचा. ज्या मशीनवर परक्या लोकांचे पॅन, फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंट पडलेली आहेत, त्याच मशीनवर कुठून आलंय ते माहीत नसलेला माल उघडला जातोय, हा वाद तुमचा.

आता पी-टू-पी, म्हणजे एका मशीनने दुसऱ्या मशीनकडून थेट माल घेणं-देणं, ते काय. लग्नाची पंगत असते तेव्हा स्वयंपाकघर एक, वाढपी ठरलेले, आपण फक्त पानावर बसायचं. साधी वेबसाइट अशी असते. माल एका सर्व्हरवर, मागणारे हजार, आणि मागणारे वाढले की वाढप्यांची धावपळ. पी-टू-पी म्हणजे अंगतपंगत. ज्याने त्याने आपापला डबा आणायचा आणि मधे ठेवायचा. यजमान कोणी नाही, किंवा सगळेच यजमान. माणसं वाढली तर इथे उलट पदार्थ वाढतात. लोकप्रिय फाइल टोरंटवर झपाट्याने येते ती यामुळे. तीच फाइल एखाद्या वेबसाइटवर असती तर त्याच गर्दीने ती साइट झोपली असती.

"सर्व्हरच नसतो" हे मुलाचं वाक्य जुन्या इतिहासातून आलंय. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं तेव्हा गाणी लोकांच्या मशीनवरच असायची, पण कोणाकडे कोणतं गाणं आहे याची यादी नॅपस्टरच्या स्वतःच्या सर्व्हरवर असायची. रेकॉर्ड कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००१ मध्ये ते बंद पडलं, कारण बंद करायला एक जागा होती. २००० मध्ये आलेल्या नूटेलाने ती यादीच काढून टाकली. तुमचं मशीन शेजारच्या चार-सहा मशीनना विचारणार, ती त्यांच्या शेजाऱ्यांना, असं गावभर दवंडी पिटल्यासारखं. चालायचं, पण निम्मं नेट त्या दवंडीतच जायचं. मग काझाने मधला मार्ग काढला: ज्यांची मशीन दमदार त्यांनी आसपासच्यांची यादी सांभाळायची. या काझाच्याच मंडळींनी पुढे २००३ मध्ये स्काइप काढलं, तेही सुरुवातीला याच तत्त्वावर चालायचं.

म्हणजे सर्व्हर काढला तो यंत्रणा कोणाला बंद पाडता येऊ नये म्हणून. वापरणारा दिसू नये असा त्यात हेतूच नव्हता. या दोन गोष्टींची गल्लत फक्त तुमचा मुलगा करतो असं नाही, हार्डवेअरवाले माझे मित्रही करतात.

टोरंट, म्हणजे ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये काढलेला बिटटोरंट, यापुढची पायरी. परीक्षेच्या आधी हॉस्टेलवर नोट्स कशा फिरतात ते आठवा. एकाकडे पूर्ण वही आहे. सगळ्यांनी त्याच्याच दारात रांग लावली तर पहाट होईल. म्हणून तो वही सुटी करतो, एकाला पहिली दहा पानं देतो, दुसऱ्याला पुढची दहा, आणि म्हणतो आता आपापसांत झेरॉक्स करा. टोरंट अगदी हेच करतं. ७०० एमबीची फाइल २५६ केबीचे तुकडे पाडून दिली तर २,८०० तुकडे होतात. टोरंटची जी चिमुकली फाइल आपण आधी उतरवतो तिच्यात सिनेमा नसतोच. प्रत्येक तुकड्याची ठशासारखी एक खूण असते, २० बाइटची, म्हणजे २,८०० तुकड्यांच्या खुणा मिळून साधारण ५५ केबी. आलेला तुकडा त्या खुणेशी जुळला नाही तर फेकून द्यायचा आणि दुसऱ्याकडून मागायचा.

यात दोन नियम फार हुशारीचे आहेत. पहिला: जे पान सगळ्यात कमी जणांकडे आहे ते आधी घ्यायचं. ते पान एकट्याकडेच असेल आणि तो उद्या सोलापूरला घरी निघून गेला तर सगळ्यांचीच वही अपुरी राहील. दुसरा: जो देतो त्याला द्यायचं. तुमचं मशीन दर दहा सेकंदांनी बघतं की मला कोण चांगल्या वेगाने देतंय, आणि त्या मोजक्या लोकांना देत राहतं. सोबत दर तीस सेकंदांनी एखाद्या अनोळखी माणसालाही संधी देतं, नाहीतर नव्याने आलेल्याकडे द्यायला काहीच नसल्यामुळे तो कायमचा उपाशी राहील.

हा दुसरा नियम मुलाला समजावून सांगा. त्याच्या "मी फक्त डाउनलोड करतो" या म्हणण्याला इथेच भोक पडतं. पहिला तुकडा पूर्ण झाला, खूण जुळली, की त्या क्षणापासून त्याचं मशीन तो तुकडा इतरांना वाटायला लागतं. फाइल दोन टक्के आली असली तरी. वेगळं "शेअर" बटण दाबावं लागत नाही. फाइल पूर्ण आली की पुढे तर ते फक्त वाटतच बसतं. वरची फुली दाबून खिडकी बंद केली तरी बहुतेक प्रोग्रॅम घड्याळाशेजारी जाऊन बसतात आणि काम चालू ठेवतात. मशीन सुरू करताना आपोआप सुरू होण्याची खूणही बऱ्याचदा लावलेली असते. अपलोडची मर्यादा कमी करता येते, पण त्यातही गंमत अशी की अनेक प्रोग्रॅममध्ये त्या रकान्यात शून्य लिहिलं तर त्याचा अर्थ 'अमर्याद' असा होतो. अपलोड बंद केलंय अशा समजुतीत शून्य टाकून ठेवलेली आणि रात्रभर वाटप करणारी मशीन मी स्वतः पाहिली आहेत.

आता "पकडणार कोण" याकडे येऊ. कोणाकडे फाइल आहे हे कळल्याशिवाय तुकडा मागणार कसा? म्हणून यादी लागतेच. पूर्वी ती ट्रॅकर नावाच्या सर्व्हरवर असायची, अजूनही असते. शिवाय आता डीएचटी आहे. त्यात अख्खी डिरेक्टरी कोणाकडेच नसते, लाखो मशीनमध्ये तिचं एकेक पान वाटलेलं असतं आणि पान कोणाकडे आहे हे गणिताने काढता येतं. मॅग्नेट लिंक, म्हणजे टोरंटच्या फाइलऐवजी नुसती तिची खूण देणारी लिंक, त्यावर चालते. पण यादी कुठेही असो, तिच्यात लिहिलेलं असतं आयपी ॲड्रेस (नेटवरचा तुमच्या कनेक्शनचा पत्ता) आणि पोर्ट (त्या पत्त्यावरचा दाराचा नंबर), आणि ती मागेल त्याला मिळते. तुमचा मुलगा जसा त्या घोळक्यात शिरतो तसाच सिनेमा कंपनीने नेमलेला माणूसही शिरतो, आणि समोर आलेले आयपी वेळेसकट लिहून घेतो. त्यासाठी हॅकिंग वगैरे काही लागत नाही. सर्व्हर नसल्यामुळे लपणं सोपं झालं असं मुलाला वाटतं. मी म्हणेन की साध्या वेबसाइटवर तुम्ही काय उतरवलं ते निदान फक्त त्या साइटवाल्याला आणि तुमच्या नेटवाल्याला कळतं, इथे शेजारच्या अनोळखी माणसालाही कळतं.

त्या आयपीवरून तुमच्या दारापर्यंत येता येतं का? इथे परिस्थितीनुसार फरक पडतो. पुण्यातल्या बऱ्याच कनेक्शनवर, विशेषतः गल्लीतल्या केबलवाल्याच्या, ग्राहकाला स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळतच नाही. एका आयपीमागे अनेक घरं बसवलेली असतात, याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (नेटवाल्याने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात कुठेतरी सुरू होत असेल तर तुम्ही त्या सामायिक छपराखाली आहात. मुलगा म्हणेल, "बघ, मग तर कळणारच नाही." कळतं. कोणत्या वेळी कोणता पोर्ट कोणत्या ग्राहकाला दिला होता याची नोंद नेटवाल्याला ठेवावी लागते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस सांभाळायचे असतात. नोंद निघाली की नाव येणार ते बिल ज्याच्या नावावर आहे त्याचं. म्हणजे तुमचं.

कायद्याबद्दल मी जपूनच बोलतो, वकील नाही. मुलाचं "डाउनलोड गुन्हा नाही" बहुधा २०१६ च्या एका गोष्टीवरून आलंय. तेव्हा ब्लॉक केलेल्या साइटवर गेलं की 'इथला मजकूर बघणंसुद्धा गुन्हा' अशा अर्थाची पाटी यायची. मुंबई उच्च न्यायालयाने ती भाषा बदलायला लावली. नुसतं बघणं हा गुन्हा नाही, परवानगीशिवाय वाटप, जाहीर प्रदर्शन किंवा भाड्याने-विकत देणं हा गुन्हा आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. लोकांनी त्यातलं पहिलं वाक्य लक्षात ठेवलं. टोरंट यातल्या 'वाटप' या शब्दात कसं बसतं ते वर सांगितलंच. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला.

सॉफ्टवेअरचं तर त्याहून वेगळं. कलम ६३-ब प्रमाणे चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरणं हाच गुन्हा. किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं. व्यवसायासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता दंडावर सोडू शकतं, पण डाउनलोड की अपलोड हा वादच तिथे येत नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं? खरं सांगायचं तर घरी बसून सिनेमा उतरवला म्हणून पोलिसांनी कोणाला बोलावलं असं माझ्या ग्राहकांत मी पाहिलेलं नाही. इथे न्यायालयं साइट ब्लॉक करायला सांगतात, तो रस्ता जास्त वापरात आहे. पण माझा भाचा इंजिनिअरिंग करून जर्मनीला गेला आणि पुण्यातली सवय घेऊन गेला. महिन्याभरात वकिलाचं पत्र आलं, सोबत काहीशे युरोंची मागणी. पत्र त्याच्या नावाने आलंच नाही, घरमालकीणबाईंच्या नावाने आलं, कारण कनेक्शन त्यांचं. बाई सत्तरीच्या. टोरंट म्हणजे काय हे त्यांना समजावताना त्याचं जर्मन मात्र सुधारलं. तुमचा मुलगा उद्या एमएसला जायचं म्हणत असेल तर हा किस्सा त्याला जरूर सांगा, कलम ६३ पेक्षा जास्त लागू पडेल.

हे सगळं असूनही, ताई, कायद्याची बाजू माझ्या यादीत दुसरी येते. माझ्याकडे जी माणसं रडकुंडीला येऊन बसतात ती कोर्टाच्या नोटिशीमुळे नाही येत.

सिंहगड रस्त्यावरच्या एका फोटो स्टुडिओचं उदाहरण देतो. लग्नाचे अल्बम करणारा मुलगा, कामात पक्का. अल्बम डिझाइनचं एक सॉफ्टवेअर त्याला हवं होतं, टोरंटवरून क्रॅकसकट (लायसन्सचं कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रॅमसकट) घेतलं. सोबत एक मजकुराची फाइल होती, तिच्यात पायऱ्या लिहिलेल्या: आधी अँटिव्हायरस बंद करा, मग क्रॅक 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून चालवा. त्याने तसंच केलं. मग विंडोज अपडेट होतंय अशी खिडकी आली. तो चहाला गेला. ती खिडकी खोटी होती. परत आला तर प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक नोट, आणि प्रत्येक फोटोच्या नावापुढे एक चार अक्षरी शेपूट लागलेलं. हळद, सीमंतपूजन, सप्तपदी, सगळ्यांना. नोटेत मागणी ९८० डॉलरची, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मी, ४९०. "भाव करतात का हो हे?" असं त्याने मला विचारलं होतं.

हा स्टॉप किंवा डेजाव्यू नावाने ओळखला जाणारा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. मोठ्या कंपन्यांच्या मागे न लागता तो मुख्यतः क्रॅक आणि की-जेन (खोटी लायसन्स-की बनवणारा प्रोग्रॅम) शोधणाऱ्या साध्या माणसांना गाठतो. फाइली कुलूपबंद करताना त्याला त्याच्या मालकाच्या सर्व्हरशी बोलता आलं तर प्रत्येक मशीनला वेगळी किल्ली लागते आणि मग फुकटचा उपाय चालत नाही. इथे नेट चालूच होतं, त्यामुळे तीच वेळ आली. बॅकअप होता का? होता, बाहेरची दोन टीबीची डिस्क. मशीनला लावलेली. तीही गेली, कारण व्हायरसच्या लेखी ती आणखी एक ड्राइव्ह, बाकी काही नाही. शेवटी हाताला काय लागलं? ताज्या दोन लग्नांची कॅमेऱ्यातली मेमरी कार्डं फॉरमॅट केलेली नव्हती, ती मिळाली. आणि व्हिडिओ थोडे वाचले. हा रॅन्समवेअर घाईत असतो, प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबी भागच कुलूपबंद करतो. पाच जीबीच्या व्हिडिओत तेवढं डोकं गेलं तरी धड शिल्लक असतं. त्याच कॅमेऱ्याचा दुसरा चांगला व्हिडिओ नमुन्याला घेऊन ते डोकं पुन्हा बसवता येतं. फोटोंना ते जमलं नाही. दोन वर्षांचे फोटो गेले.

याच टोळीचे काही नमुने कुलूप लावायच्या आधी पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही सोडून जातात. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड उचलून पाठवतात. तुमच्या बाबतीत याचा अर्थ काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

इथे मुलगा एक मुद्दा काढेल, हुशार असेल तर नक्की काढेल: "प्रत्येक तुकडा तपासला जातो ना, मग व्हायरस येईलच कसा?" तुकडा तपासला जातो तो मूळ टाकणाऱ्याने जो दिला तसाच आला का, एवढ्यापुरता. दुधाच्या पिशवीचं सील शाबूत आहे म्हणजे वाटेत कोणी पाणी घातलं नाही. डेअरीतच भेसळ झाली असेल तर सील काय करणार? टाकणाऱ्याने व्हायरस टाकला असेल तर तो बिनचूक, एकही बाइट न हरवता, तुमच्यापर्यंत येतो.

म्हणून मी मुलांना विचारतो, काय उतरवतोस ते सांग, मग धोका सांगतो. सिनेमाची खरी व्हिडिओ फाइल स्वतःहून सहसा काही करत नाही. पण विंडोज मुळातच फाइलच्या नावाचं शेवटचं शेपूट लपवतं, त्यामुळे 'एमपीफोर' दिसणारी फाइल प्रत्यक्षात 'एमपीफोर डॉट ईएक्सई' असू शकते. फाइल एक्सप्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'ची खूण लावा, आजच लावा, टोरंट असो नसो. गेम आणि सॉफ्टवेअरचे क्रॅक सगळ्यात वाईट, कारण ते चालवावेच लागतात, आणि तेही ॲडमिन म्हणून, अँटिव्हायरस बंद करून. चोराला किल्ली देऊन वर कुत्रा बांधून ठेवण्यासारखं आहे ते. आणि लिनक्सच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या फाइली)? उबुंटू, डेबियन स्वतःच अधिकृत टोरंट देतात. इंटरनेट आर्काइव्हही देतं. खुद्द विंडोजसुद्धा अपडेटचे तुकडे इतर मशीनकडून घेण्या-देण्याची सोय ठेवतं. बिटकॉइन पी-टू-पीवरच उभं आहे. यंत्रणेत खोट नाही.

प्रोग्रॅम मात्र निवडून घ्या. २०१६ च्या मार्चमध्ये मॅकवरच्या ट्रान्समिशन या नावाजलेल्या टोरंट प्रोग्रॅमच्या अधिकृत साइटवरच कोणीतरी रॅन्समवेअर घातलेली आवृत्ती चढवली होती. तेव्हा "अधिकृत साइटवरून घेतलंय" हेही शंभर टक्के नाही, पण अनोळखी साइटपेक्षा पुष्कळ बरं.

व्हीपीएन (दुसऱ्या मशीनमार्फत, स्वतःचा आयपी लपवून नेट वापरायची सोय) लावतो म्हणाला तर? पैसे भरून घेतलेल्या व्हीपीएनने घोळक्यातल्या लोकांना तुमचा आयपी दिसत नाही, हे खरं. क्रॅकमधल्या व्हायरसला त्याने काडीचाही फरक पडत नाही. आणि मुलं घेतात ते फुकटचे. होला नावाचा एक फुकट व्हीपीएन होता, त्याच्याबद्दल २०१५ मध्ये उघड झालं की तो स्वतःच पी-टू-पी आहे: तुम्ही दुसऱ्याच्या घरातून बाहेर पडता, तसा कोणी तिसरा तुमच्या घरातून बाहेर पडतो, आणि ही वाट पैसे घेऊन विकली जाते. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ९११ एस५ नावाचं जाळं मोडलं, त्यात १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी होते, आणि बरीचशी मशीन फुकट व्हीपीएन टाकल्यामुळेच त्यात अडकलेली. त्या आयपींवरून दुसऱ्यांनी फसवणुकी केल्या. बिल कोणाच्या नावावर ते तुम्हाला माहीतच आहे.

तुमच्या अडकणाऱ्या कॉलचं उत्तर सोपं आहे. कॉलमध्ये तुमचा चेहरा आणि आवाज अपलोडच्या वाटेने जातो. टोरंटने ती वाट भरून टाकली की राउटरमध्ये रांग लागते, तुमचे शब्द त्या रांगेत उभे राहतात. डाउनलोडचा वेग कितीही असो, उपयोग नाही. नवे टोरंट प्रोग्रॅम रांग वाढतेय असं दिसलं की स्वतः मागे सरकतात, पण भरवसा धरू नका. अपलोडला तुमच्या अपलोड वेगाच्या निम्म्यापेक्षा कमी आकडा घाला (शून्य नको!), कॉल सुरळीत होईल. अमर्याद म्हणवणाऱ्या प्लॅनलाही बऱ्याचदा डेटाची वरची हद्द असते, तिच्यात सहसा अपलोडही मोजलं जातं हेही त्याला सांगून ठेवा.

मग बंद करायला लावायचं का? तुमच्या मशीनवर, हो. यात तडजोड नको, आणि कारण म्हणून नीती न सांगता क्लायंटचा डेटा सांगा, ते त्याला पटेल. टोरंटचा प्रोग्रॅम काढा, मग राउटरमध्ये यूपीएनपी बंद करा, कारण हे प्रोग्रॅम त्यातून स्वतःसाठी दार उघडून घेतात. मशीनवर त्याला हवं तर वेगळं खातं द्या, पण 'स्टँडर्ड', ॲडमिन नाही. अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन करा. त्याने एखादा क्रॅक याआधी चालवलेला असेल तर मात्र मी स्कॅनवर विसंबणार नाही: डेटा बाजूला काढून विंडोज नव्याने टाकावं, आणि बँक, आयकर, जीएसटी, मेल यांचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदलावेत. एक दिवस जाईल. जुलैच्या गर्दीत हे करायला लागू नये म्हणून आत्ताच करा. डीएससी टोकन काम झालं की काढून खणात.

त्याच्या लॅपटॉपला गेस्ट वायफायवर टाका, म्हणजे तिथे काही शिरलं तरी तुमच्या मशीनपर्यंत सरळ वाट राहत नाही. जागेचं रडगाणं असेल तर एसएसडी वाढवून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि त्याला क्रॅक कशासाठी लागतो ते विचारा. मेकॅनिकलचा आहे म्हणजे कॅड (डिझाइनचं सॉफ्टवेअर) असणार. ऑटोडेस्क ही कॅडवाली कंपनी विद्यार्थ्यांना फुकट लायसन्स देते, कॉलेजात शिकत असल्याचा पुरावा लागतो. मॅटलॅबसाठी आधी कॉलेजात चौकशी करू दे, कॅम्पस लायसन्स असतं बऱ्याच ठिकाणी; नसेल तर ऑक्टेव्ह या तशाच फुकट प्रोग्रॅमवर त्याच्या असाइनमेंट निघतील. निम्म्या मुलांना हे फुकट मिळतं हेच ठाऊक नसतं, सीनियरने पेनड्राइव्हमधून क्रॅक दिला आणि तीच परंपरा पुढे चालू.

हे सगळं रविवारी निवांत करा, पण एक गोष्ट आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच. ती बॅकअपची हार्ड डिस्क 'इजेक्ट' करून मशीनपासून काढा आणि कपाटात ठेवा. यापुढे आठवड्यातून एकदा लावायची, कॉपी झाली की परत कपाटात. आणि राउटरच्या पानावर वॅन आयपीचे पहिले दोन आकडे काय दिसतात तेवढे इथे कळवा. फक्त दोनच, पूर्ण आयपी चारचौघांत लिहू नका.